रिव्होल्यूशनची दहा वाक्यं

रविवार, ३ फेब्रुवारी १९७४, सकाळचे आठ. ठिकाण शुक्रवार पेठेतल्या मास्तरांच्या घराची पुढची खोली. रक्कम जास्तीत जास्त अडीच रुपये. हजर मास्तर, भवानी पेठेतले एक टेलर, बालवाडीच्या एक बाई आणि मी.

मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. महिना तीन रुपये घेऊन ते रविवारी आम्हा प्रौढांना इंग्रजी बोलायला शिकवायचे. त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. टेबलावर बिस्किटांचा एक जुना डबा असायचा आणि डब्यात चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली त्याचं सगळं कुटुंब. ज्याला जी चिठ्ठी येईल त्यानं ते कुटुंब आठवडाभर आपल्या घरी सांभाळायचं. रोजच्या व्यवहारात त्या शब्दांची दहा वाक्यं प्रत्यक्ष बोलायची, वहीत लिहायची आणि प्रत्येक वाक्यापुढं साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदाराला इंग्रजी आलंच पाहिजे असं नाही. पण त्याला अर्थ सांगायचा, आणि वाक्य खरं आहे हे त्यानं मान्य करायला हवं. वाक्य कमी पडलं की चार आणे दंड. दहाही पडली तर अडीच रुपये. वहीच्या पहिल्या पानावर नियम एकच होता : वाक्य खरं असावं.

बाईंना ‘पेशन्स’ आला. टेलरांना मापायचा ‘मेजर’ आला, तो त्यांच्या धंद्यातलाच. मला आला ‘रिव्होल्यूशन’.

मास्तर म्हणाले, "मोठं घराणं आहे. रिव्होल्यूशन, रिव्होल्यूशनरी, रिव्होल्यूशनाइज. शिवाय रिव्होल्ट आहे, रिव्हॉल्व्हिंग आहे. सांभाळून न्या."

टेलर म्हणाले, "नशीब काढलं की वो साहेब! आजकाल समदं रिव्होल्यूशनच हाय. रेडिओ लावा, धा वाक्यं धा मिनिटांत."

मलाही तसंच वाटलं होतं.

मी या वर्गाला का जात होतो ते सांगायला हवं. मी एका गिरणीच्या ऑफिसात पगारपत्रक विभागात कारकून होतो. पगार तीनशे बारा. हेडक्लार्कची जागा रिकामी होती, तिथं अडतीस रुपये जास्त. पण जागेला मुलाखत, आणि मुलाखत इंग्रजीतून. मी याआधी दोनदा बसलो होतो. १९६९ साली साहेबांनी विचारलं, तुमचा छंद काय? प्रश्न मला कळला, उत्तरही माहीत होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. १९७१ साली तोंड उघडलं, पण त्यातून ‘येस सर’ एवढंच निघालं, अकरा वेळा. तिसरी मुलाखत मंगळवारी १२ फेब्रुवारीला होती. जागेला वयाची अट पंचेचाळीस आणि मला जूनमध्ये पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे चौथी मुलाखत नव्हती.

सोमवारी सकाळी वही उघडून स्वयंपाकघरात बसलो. आमच्या घरी दिवाळीला प्रेशर कुकर आला होता. पत्नी म्हणाली, "अहो, कुकर लिहा की. शेजारची सुद्धा म्हणते, कुकरनं क्रांती केली."

मी घड्याळ लावून बसलो. पातेल्यात तुरीची डाळ शिजायला पन्नास मिनिटं लागायची, कुकरात बावीस लागली. वाचली अठ्ठावीस. रॉकेल वाचलं ते वेगळं, आणि रॉकेलच्या रांगेचे दिवस होते.

"मग त्या अठ्ठावीस मिनिटांत तू काय करतेस?" मी विचारलं.

"भाकरी. आधी डाळ उतरल्यावर करत होते, आता डाळीबरोबर करते."

"म्हणजे अठ्ठावीस मिनिटं बसायला मिळतं?"

"बसायला? तुम्हाला डबा लवकर मिळतो आणि तुम्ही चहा दुसऱ्यांदा मागता."

मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "धिस कुकर इज नॉट अ रिव्होल्यूशन." अर्थ सांगितला. तिनं सही केली, पण वर म्हणाली, "साकु! हप्ते मी फेडते भिशीतून आणि अपमान तुम्ही करता." ती अक्कलकोटकडची. पुरे म्हणायचं झालं की तिच्या तोंडून कानडीच निघतं.

त्याच संध्याकाळी टेलरांच्या दुकानात गेलो. त्यांनी कात्री खाली ठेवून नव्या बेलबॉटमचा पाय माझ्यापुढं पसरला. घेर चोवीस इंच.

"लिव्हा. रिव्होल्यूशन इन पँट!"

"चार वर्षांपूर्वी तुम्ही मला शिवलेल्या पँटचा घेर किती होता?"

"चौदा. त्ये त्या टायमाला रिव्होल्यूशन व्हतं."

"आणि माझ्या लग्नातल्या पँटचा?"

टेलरांनी जुनी वही काढली नाही, पण डोळे मिटून आठवलं. "बावीस असंल. तवा समदेच तसली घालत व्हते."

"म्हणजे बावीसवरून चौदा, चौदावरून चोवीस. निव्वळ वाढ दोन इंच."

"साहेब," टेलर म्हणाले, "तुमी न्हाय, तुमच्यापरीस आमची टेप बरी. ती मापती आन् गप बसती." तरीही मी लिहिलेल्या ‘नॉट’ला त्यांनी सही दिली. वाक्य खरं आहे हे त्यांना नाकारता येईना.

असाच आठवडा गेला. दुकानात कपडे धुण्याची नवी पावडर आली होती, पाकिटावर तोच शब्द मोठ्या अक्षरांत. तिनं माझ्या कॉलरचा मळ तेवढाच निघाला जेवढा साबणाच्या वडीनं निघायचा. नॉट. इस्त्री न लागणारा शर्ट आला, त्याला इस्त्री लागली. नॉट. कॅन्टीननं कपांच्या जागी स्टीलचे पेले आणले. चहा तोच, फक्त बोटं भाजू लागली. नॉट.

बुधवारी मी शेजाऱ्यांकडे गेलो. ते पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. दोन हातमाग काढून त्यांनी एक यंत्रमाग बसवला होता. त्याचा आवाज आमच्या भिंतीतून ताटात यायचा. मला वाटलं, इथं तरी शब्द खरा ठरेल. मी त्यांना उत्पन्न विचारलं, त्यातून विजेचं बिल वजा केलं, कर्जाचा हप्ता वजा केला. खाली उरलं ते पूर्वीपेक्षा सात रुपये जास्त.

शेजारी म्हणाले, "आधी मी मागाला चालवत होतो, आता माग मला चालवतो. क्रांती त्याची झाली, माझी नाही." सही त्यांनी तेलुगूत केली.

होकाराची वाक्यं दोन मिळाली. मॅनेजरसाहेबांची नवी खुर्ची रिव्हॉल्व्हिंग होती, यात शंका नव्हती. ऑफिसच्या शिपायानं सही दिली, ती देताना खुर्चीला एक गिरकीही दिली. आणि गुरुवारी आमच्या दोन्ही मुलांनी सलग तिसऱ्या दिवशी दोडका आल्यावर ताट पुढं सरकवलं. मी तिथल्या तिथं म्हणालो, "माय चिल्ड्रन हॅव रिव्होल्टेड अगेन्स्ट दोडका." पत्नी म्हणाली, "काय लिहायचं ते लिहा, पण दोडका उद्यासुद्धा आहे."

शुक्रवारी तिचा भाऊ गावाहून आला. जून ते दिवाळी शेतात राबून, मळणी-विक्री उरकून आता कुठं मोकळा झालेला. बरोबर ज्वारीचं पोतं. पोतं खाली ठेवता ठेवताच म्हणाला, "अक्का, हायब्रीड हाय. नीट निवडून घे. दाजी, तुमी कसला शबुद हुडकताय म्हनं?"

मी सांगितला.

"मग हीच की त्यो! रेडिओवर रोज म्हणत्यात. गेल्या खरिपात पैल्यांदाच पेरली. विहिरीच्या पाण्यावर एकरी आठ पोती. आदी तीन व्हायची."

"आणि भाकरी?"

तो हसला. "भाकरीचं नका विचारू. कालची भाकरी कुत्र्याला टाकली, तर त्यानं वास घेतला आन् माज्याकडं बघितलं."

मग पोत्यावर बसला. म्हणाला, "पर दाजी, दीड वरसामागं मी दुष्काळी कामावर खडी फोडीत व्हतो. हजेरीला अंगठा न्हाय, सही करत व्हतो, एवढाच काय त्यो मान. अवंदा घरात पोती मोजली. तुमी काय लिव्हायचं त्ये लिव्हा, मला लई मोटं हाय हे."

मी लेखणी घेऊन बसलो. ‘नॉट’ लिहायला हात झाला नाही. नुसतं ‘इज’ लिहायलाही झाला नाही, कारण एका हंगामावरून सरासरी निघत नाही. अर्धा तास गेला. शेवटी लिहिलं, "इट मे बी अ रिव्होल्यूशन. आय हॅव फिगर्स फॉर वन इयर ओन्ली." माझ्या आयुष्यात कुठल्याही पुस्तकातून न उचललेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य. मेहुण्याला अर्थ सांगितला. त्यानं मान्य केलं, म्हणाला, "व्हय, खरं हाय. पुढल्या साली कीड पडली म्हंजे?" आणि ऐटीत सही केली.

शनिवारी एक वाक्य कमी होतं. त्या सकाळी पत्नीला ताप होता म्हणून चहा मी केला. ती उठून बसली, पेल्यात बघितलं आणि स्वतःच इंग्रजीत म्हणाली, "रिव्होल्यूशन!" आठवडाभर ऐकून तिचाही शब्द तयार झाला होता. मी हिशोब केला. लग्नाला चौदा वर्षं, चहा एकदा. लिहिलं, नॉट. तिनं सही करताना बाजूला मराठीत शेरा मारला : साखर जास्त.

रविवारी, १० तारखेला, मास्तरांनी वही तपासली. होकार दोन, ‘मे बी’ एक, नकार सात.

टेलर लगेच म्हणाले, "सात नकार, सात पावल्या. पावणेदोन रुपये काढा. शबुद वापरायचा म्हंजी वापरायचा. ‘न्हाय न्हाय’ म्हणून कोण वापरतं व्हय?"

बाई म्हणाल्या, "असं कसं? वाक्य खरं असावं एवढाच नियम आहे. त्यांची सगळी खरी आहेत. तुमच्या दहातली चार ‘आय मेजर युवर कमर’ आहेत, फक्त कंबर बदलली आहे."

मास्तरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. नकाराला अर्धा दंड. ‘मे बी’चा निकाल आकडे पूर्ण होतील तेव्हा. सात नकारांचे साडेसत्याऐंशी पैसे. मी सत्याऐंशी काढले आणि थांबलो. अर्धा पैसा चलनात नाही. अठ्ठ्याऐंशी द्यावेत तर जास्त होतात, सत्याऐंशी द्यावेत तर कमी.

"अहो, द्या की अठ्ठ्याऐंशी," टेलर म्हणाले.

"माझ्याकडून अर्धा पैसा जास्त घेतल्याची नोंद मास्तरांना ठेवावी लागेल."

मास्तर म्हणाले, "राहू द्या सगळंच बाकी. मंगळवारी मुलाखत आहे ना? तिकडं लक्ष द्या."

मंगळवारी मला सव्वाअकराला आत बोलावलं. टेबलापलीकडं दोघं. आमचे मॅनेजर, त्या रिव्हॉल्व्हिंग खुर्चीत, आणि मुंबईहून आलेले मोठे साहेब. मी आठवा आणि शेवटचा उमेदवार. नाव, नोकरीची वर्षं इथपर्यंत ‘येस सर’वर निभावलं. चार झाले, ते मी मोजले.

मग मोठ्या साहेबांनी काचेपलीकडल्या यंत्राकडं बोट केलं. बेरजा आणि गुणाकार करणारं ते विजेचं नवं यंत्र आमच्या विभागात येऊन बारा दिवस झाले होते आणि ते साहेबांनीच पाठवलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब इंग्रजीत म्हणाले, हे यंत्र म्हणजे आपल्या ऑफिसातली रिव्होल्यूशन आहे. यू अॅग्री?

इथं ‘येस सर’ म्हटलं असतं तर पाचवं झालं असतं आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण आठवडाभर तोंडाला एकच वळण लागलं होतं. शब्द कानावर पडताच तोंड आपोआप उघडलं.

"नो सर. इट इज नॉट अ रिव्होल्यूशन."

मॅनेजरांची खुर्ची अर्धी माझ्याकडं वळली. या वेळी लाइट गेली असती तर बरं झालं असतं. पण गेली नाही.

"व्हाय?" साहेबांनी विचारलं.

एकदा नाही म्हटल्यावर कारण द्यावंच लागतं, ही सवयही त्या आठवड्याचीच. आणि कारण आकड्यांचं होतं. आकडे मला इंग्रजीत येत होते, मास्तरांकडं जायच्या आधीपासून. मी तुटक तुटक सांगितलं. कामगार एक हजार एकशे चाळीस. हातानं पगारपत्रक पाच दिवसांत होतं, यंत्रानं तीन दिवसांत. दोन दिवस वाचले. पण विणकाम खात्याची हजेरीची कार्डं आमच्याकडं येतात ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. बाकीच्या खात्यांचं एका दिवसात उरकून तोवर यंत्र बसून असतं. म्हणून या महिन्यात पगार झाला तो पूर्वीच्याच तारखेला. शिवाय बारा दिवसांत वीज पाच वेळा गेली, एकूण सहा तास चाळीस मिनिटं. तेवढा वेळ त्या यंत्राचा उपयोग कागद उडू नयेत म्हणून झाला.

साहेबांनी मॅनेजरांकडं पाहिलं. मॅनेजर म्हणाले, कार्डांचं खरं आहे.

"सो इट इज यूसलेस?" साहेबांनी मला विचारलं.

हेही खरं नव्हतं. कुकर निरुपयोगी नव्हता, हायब्रीड तर नव्हतीच. माझ्या तोंडून मेहुण्याच्या ज्वारीचंच वाक्य आलं. "नो सर. इट मे बी अ रिव्होल्यूशन. आय हॅव फिगर्स फॉर ट्वेल्व्ह डेज ओन्ली." आणि पुढं आणखी एक, जे कुठल्याही वहीत नव्हतं. "फर्स्ट ब्रिंग द कार्ड्स अर्ली, सर."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं.

बाहेर बाकी सात जण थांबले होते. तो प्रश्न सगळ्यांनाच विचारला होता, आणि सातही जणांनी ‘येस सर’ म्हटलं होतं. एकानं तर ‘ग्रेट रिव्होल्यूशन’ म्हटलं होतं.

घरी आल्यावर पत्नीला सांगितलं. तिनं पीठ मळता मळता हात थांबवला.

"कुकरला नाही म्हणालात, मी ऐकून घेतलं. माझ्या भावाच्या ज्वारीला धड हो म्हणाला नाहीत, तेही ऐकलं. साहेबाच्या मशीनला एक हो म्हणायला काय अडचण होती? शेवटची मुलाखत होती ना ही?"

"साक्षीदार म्हणून तू सही केली असतीस का त्यावर?"

ती परातीतलं पीठ बराच वेळ मळत राहिली, गरजेपेक्षा जास्त. अडतीस गुणिले बारा, चारशे छप्पन्न, हा आकडा माझ्याही डोक्यात फिरत होता. निवृत्तीला तेरा वर्षं होती. तो गुणाकार मी केला नाही.

सोळा दिवस काही कळलं नाही. त्या दिवसांत मी घरी तो शब्द एकदाही उच्चारला नाही. पुढच्या दोन रविवारी मला दुसऱ्या चिठ्ठ्या आल्या, पण मन लागेना. टेलरांनीही थट्टा केली नाही, यावरून परिस्थिती किती वाईट असावी हे कळत होतं.

गुरुवारी, २८ फेब्रुवारीला, मॅनेजरांनी बोलावून हातात पत्र दिलं. १ एप्रिलपासून हेडक्लार्क, पहिले सहा महिने तात्पुरते. कामात एक बाब जास्तीची : विणकाम खात्याची कार्डं पहिल्या दिवशी मिळतील अशी व्यवस्था करणे आणि यंत्राच्या कामाचे आकडे दरमहा मुंबईला इंग्रजीतून कळवणे.

मी पत्र दोनदा वाचलं. मॅनेजर म्हणाले, "साहेब काय म्हणाले सांगू? म्हणाले, हा माणूस मशीनपेक्षा हळू आहे, पण लाइट गेल्यावर बंद पडत नाही."

घरी पत्नीनं पत्र देवापुढं ठेवलं आणि त्या दिवशी चहा दुसऱ्यांदा न मागता दिला. वर्गात मी पेढे नेले, पाव किलो. टेलरांनी दोन उचलले आणि म्हणाले, "आता तरी म्हना की वो, लाइफमदी रिव्होल्यूशन झालं!"

"अडतीस रुपयांत?" मी म्हणालो. बाई इतक्या हसल्या की मास्तरांनी त्यांना पाणी दिलं.

दंडाची बाकी मात्र राहिली होती. ती मी विसरलो नव्हतो, ‘मे बी’चा निकाल लागायचा होता. दर वर्षी मेहुण्याकडून एकरी पोती विचारून घेत होतो. १९७३, आठ. १९७४, पाच, कारण खरंच कीड पडली. १९७५, नऊ. तिसऱ्या हंगामानंतर तो आला तेव्हा बरोबर पोतं होतं, पण वेगळ्या ज्वारीचं.

"ही हायब्रीड कुटं दिसत न्हाय रं?" त्याच्या अक्कानं त्याच्याच बोलीत विचारलं.

"ती बाजारात गेली की. ही मालदांडी, आपली जुनी ज्वारी. विकायला हायब्रीड, खायला मालदांडी. आता घर असंच चालतंय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "दाजी, शेताच्या कर्जातलं निम्मं फिटलं बगा."

मला निकाल मिळाला. निम्मं हो, निम्मं नाही.

रविवार, ४ जानेवारी १९७६, सकाळचे आठ. आणीबाणीचे दिवस होते. ‘रिव्होल्यूशन’ची चिठ्ठी मास्तरांनी डब्यातून काढून ठेवली होती आणि आम्हीही तिची चौकशी केली नाही. पण माझी जुनी वही त्यांच्याकडं होती. मी तीन हंगामांचे आकडे सांगितले. मास्तर म्हणाले, अर्धं नाही म्हणजे नकाराचाच दर, साडेबारा पैसे. आधीचे साडेसत्याऐंशी, त्यात साडेबारा. अर्ध्या पैशाचा प्रश्न सुटला.

एक रुपया रोख, मास्तरांना दिला. त्यांनी वहीवर ‘पेड’ लिहून सही केली, साक्षीदार म्हणून टेलरांनी केली.